गोराईची सहल आणि तिकिटाची खिडकी

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात दर रविवारी सकाळी मुलांचा संस्कार वर्ग भरतो. कल्याण पूर्वेची ही वस्ती. कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाचे सफाई खात्यात कंत्राटावर आहेत, कोणाची आई घरी बसून जीन्सच्या पँटींचे धागे कापते, तर कोणाची चार घरची धुणीभांडी करते. महिन्याच्या महिन्याला पगार येतो अशी घरे बारा. त्यातलेच एक माझे. मी बी.कॉम. झालो आणि एका वाहतूक कंपनीत जमाखर्च लिहितो. आठवडाभर कंपनीचा हिशेब आणि रविवारी समाजाचे काम, असे माझे गेली वीस वर्षे चालले आहे.

वर्गात मुले त्रिसरण-पंचशील म्हणतात. मग थोडे गणित, थोडे इंग्रजी आणि शेवटी एक गोष्ट. सगळी मुले एकाच सतरंजीवर बसतात. रिक्षावाल्याचा मुलगा आणि कारकुनाची मुलगी मांडीला मांडी लावून बसतात. या सतरंजीचा आम्हा कार्यकर्त्यांना मोठा अभिमान. पण त्या सतरंजीवरही एक रेघ उमटली होती, आणि ती माझ्याच घरातून आली होती. ती रेघ मला कशी दिसली, त्याची ही हकिगत आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझ्या कंपनीतले काही सहकारी सहकुटुंब खोपोलीच्या बाजूला एका मोठ्या करमणूक उद्यानात गेले. बोनस हाती आला होता. मुलांची आई म्हणाली, "आपल्या पोरांनी कधी काही मागितलं नाही, एकदा जाऊ." आम्ही गेलो. मुले आनंदली, मीही आनंदलो. पुढच्या रविवारी आमच्या धाकटीने वर्गात त्या पाळण्यांचे, त्या पाण्यातल्या घसरगुंड्यांचे रसभरीत वर्णन केले. मुले तोंडाचा आ करून ऐकत होती. मी फळा पुसता पुसता हसत होतो.

त्यानंतर धुणीभांडी करणाऱ्या एका आजींची नात दोन रविवार वर्गाला आली नाही. मी घरी विचारायला गेलो तर पोर दाराआड लपली. आजी म्हणाल्या, "काही नाही भाऊ, पोट दुखतंय म्हणते." त्या पोटदुखीचे नाव मला चांगले ठाऊक होते. मी स्वतः ती भोगलेली आहे. पण तेव्हा मी काही बोललो नाही.

मग विहारात मुलांच्या वार्षिक सहलीची बैठक बसली. तरुण कार्यकर्त्यांनी त्याच उद्यानाचे नाव सुचवले. बस, तिकीट, खाणे मिळून डोई १,५०० रुपये. "ज्याला परवडेल त्याने भरावे, सक्ती कोणाला नाही," असे एकजण म्हणाला. खोटे का सांगू, मीही मान डोलावली. सक्ती नाही, म्हणजे अन्यायही नाही, असे मला त्या क्षणी वाटले.

तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेल्या त्या आजी उठल्या. म्हणाल्या, "भाऊ, मला काय लिहिता-वाचता येत नाय. पण एक सांगा. तुमची पोरं जातील, माझी नात घरी बसंल. मग पुढच्या रविवारी ती दोघं एका सतरंजीवर कशी बसतील?"

बैठकीत कोणी बोलेना. मी हिशेबाचा माणूस, माझ्या डोक्यात आकडे फिरू लागले. आजींना दोन घरचे मिळून महिन्याला ५,००० रुपये मिळतात. नात आणि नातू दोघांना पाठवायचे तर ३,००० रुपये. म्हणजे अर्ध्याहून अधिक महिना! एका दिवसाच्या हसण्यासाठी अठरा दिवसांची कमाई. मला मात्र तेवढ्यासाठी बोनसला हात घातला की झाले. आम्ही दोघे एकाच वस्तीत राहतो, एकाच बाबासाहेबांना मानतो, एकाच विहारात वंदना घेतो. तरी त्या फाटकापुढे आम्ही दोन वेगळी माणसे होतो.

ठराव झाला : जायचे तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. ठिकाण ठरले गोराईचा विश्व विपश्यना पॅगोडा, कारण तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पण फुकट ठिकाणालाही जायला भाडे लागतेच. म्हणून वर्गणीची पद्धत बदलली. बारा पगारदार घरांनी प्रत्येकी ८०० रुपये द्यायचे आणि बाकीच्या वीस घरांनी ५० रुपये. कोणी किती दिले हे फळ्यावर लिहायचे नाही.

खाडीवर

डिसेंबरातल्या एका रविवारी ३४ मुले आणि आम्ही नऊ मोठी माणसे निघालो. कल्याणहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग बोरिवली. मुलांना खिडकीसाठी भांडताना पाहून वाटले, सहल तर कल्याणलाच सुरू झाली. बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला बेस्टची बस धरून गोराई खाडीच्या धक्क्यावर पोहोचलो. सकाळच्या उन्हात तिवरांची हिरवी झाडी आणि त्यांच्या पलीकडे आभाळात गेलेला तो सोनेरी कळस. तो दिसताच आयाबायांचे हात आपोआप जोडले गेले.

बोटीत बसलो. वस्तीतल्या कितीतरी मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा बोट पाहिली. एका मुलाने विचारले, "काका, पूर्वी इथेच ते पाळणे होते ना? माझे बाबा सांगतात."

होय, इथेच. एस्सेलवर्ल्ड. १९८९ साली गोराईला सुरू झालेले हे करमणूक उद्यान. १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्डचे फाटक बंद झाले. पण ज्यांचे बालपण नव्वदच्या दशकात मुंबईत गेले, त्यांना दूरदर्शनवरची त्याची जाहिरात अजून पाठ असेल. चाळीतली पोरे ते गाणे दिवसभर म्हणत. म्हणणाऱ्यांपैकी किती जण तिथे गेले, हा प्रश्न वेगळा.

मी गेलो नव्हतो. १९९३ साली मी आठवीत होतो. आम्ही तेव्हा नायगावला राहत होतो. वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात गिरणी गेली ती गेलीच. नंतर ते एका गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी झाले. आमच्या शाळेची सहल या गोराईच्या उद्यानाला निघाली. वर्गणीचा आकडा सरांनी फळ्यावर लिहिला. मी तो वहीत उतरवला, घरी येताना पान फाडले आणि गटारात टाकले. आईला सांगायचेच नाही असे ठरवले. सहलीच्या दिवशी सकाळी म्हणालो, "मला ताप आहे."

वडील नुकतेच रात्रपाळीहून आले होते. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ते काहीच बोलले नाहीत. तोंड धुतले, चहा घेतला आणि म्हणाले, "चल, कपडे घाल." रात्रभर जागलेला तो माणूस मला पायी भायखळ्याला राणीच्या बागेत घेऊन गेला. किरकोळ तिकीट होते. हत्ती पाहिला, माकडे पाहिली, दहा पैशांचा हिशेब करत भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. बाकावर बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. सहल कुठे आहे हे त्यांना कोणी सांगितले, ते मी कधी विचारले नाही. आता ते नाहीत, त्यामुळे विचारताही येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी "आमची सहल" हा निबंध लिहायला दिला. मी राणीच्या बागेवर लिहिला. "विषय सोडून" असा शेरा मिळाला.

यात त्या उद्यानाचा काही दोष होता का? नाही. त्यांनी आमची जात विचारली नव्हती. कोणत्याही मुलाला बाहेर काढले नव्हते. पाळण्यांना वीज लागते, कामगारांना पगार लागतो, त्याचे पैसे ते घेणारच. फाटक सर्वांना उघडे होते. तरी माझ्यासारखी किती मुले त्या दिवशी ताप घेऊन घरी बसली असतील! दोष कोणाचाच नाही आणि तरी मूल बाहेर, ही गोष्ट समजायला मला पुढची तीस वर्षे लागली.

पॅगोड्याच्या सावलीत

बोटीतून उतरून चालत गेलो की पॅगोडा समोर येतो. मुले एकदम गप्प झाली. म्यानमारमधल्या यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या धर्तीवर तो बांधला आहे. उंची सुमारे ३२५ फूट. आतल्या घुमटाखाली एकही खांब नाही. जोधपूरचे दगड एकमेकांत गुंतवून तो उभा केला आहे आणि त्याखाली एका वेळी सुमारे ८,००० माणसे ध्यानाला बसू शकतात. विपश्यनाचार्य सत्यनारायण गोयंका यांच्या प्रेरणेने हे काम झाले. २९ ऑक्टोबर २००६ रोजी तिथे भगवान बुद्धांच्या अस्थींची स्थापना झाली आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले. नवल असे, की एस्सेलवर्ल्ड उभारणारे उद्योगपती सुभाष चंद्र यांनीच या पॅगोड्यासाठी जमीन दान दिली. म्हणजे एकाच खाडीकाठी शेजारी शेजारी दोन फाटके : एक तिकिटाचे, एक बिनतिकिटाचे.

मुलांनी वंदना घेतली. मग बाहेर सावली पाहून डबे सोडले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, ठेचा, केळी. सगळ्यांचे डबे मध्ये ठेवून सगळ्यांनी खाल्ले. जेवण झाल्यावर आजींची नात माझ्याजवळ आली आणि तिने विचारले, "काका, पूर्वी त्या पाळण्यांच्या ठिकाणी आपल्याला जाऊ देत नव्हते का? चवदार तळ्यासारखं?"

नऊ-दहा वर्षांची पोर. तिने महाडची गोष्ट वर्गात ऐकली होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्याआधी १९२३ मध्येच सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे मंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते. पण कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद. ते प्रत्यक्ष उघडायला सत्याग्रह करावा लागला. मुलीने या गोष्टीवरून आपला तर्क केला : आपण आत जात नाही, म्हणजे कोणीतरी आपल्याला अडवले असणार.

मी सगळ्या मुलांना जवळ बसवले आणि म्हणालो, "इथे कोणी अडवले नव्हते. पण जगात एक देश असा होता, की जिथे पाळण्याजवळ रंग विचारत होते. त्या देशाची गोष्ट ऐका."

लाकडी घोड्यावरची मुलगी

तो देश अमेरिका. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या देशात शिकले, तोच. तिथल्या काळ्या लोकांच्या लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते. १९४६ साली त्यांनी त्या लोकांचे विद्वान नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. तिथे अनेक राज्यांत करमणूक उद्यानांवर सरळ बंदी होती : काळ्या मुलांनी आत यायचे नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख आहे. तिने फनटाउन नावाच्या उद्यानाची जाहिरात टीव्हीवर पाहिली आणि जायचा हट्ट धरला. ते उद्यान काळ्या मुलांना बंद आहे, हे बापाला तिला सांगावे लागले. एवढा मोठा नेता, तुरुंगाला न घाबरणारा, पण लेकीच्या त्या प्रश्नापुढे त्याची जीभ अडखळली.

बाल्टिमोर शहराजवळ ग्विन ओक नावाचे असेच एक उद्यान होते. ते सर्वांना खुले व्हावे म्हणून १९५५ पासून निदर्शने चालली होती. ४ जुलै १९६३ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, काळे आणि गोरे मिळून मोठा जमाव फाटकावर गेला. त्यात ख्रिस्ती आणि ज्यू धर्मगुरूसुद्धा होते. त्या एका दिवसात २८० हून अधिक लोकांना अटक झाली. शेवटी मालकांनी माघार घेतली आणि २८ ऑगस्ट १९६३ रोजी फाटक सर्वांना उघडले. त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनला किंग यांच्या ऐतिहासिक सभेला लाखोंचा समुदाय जमला होता. आणि इकडे ग्विन ओकमध्ये अकरा महिन्यांची शेरॉन लॅंग्ली नावाची एक काळी मुलगी वडिलांच्या आधाराने लाकडी घोड्यांच्या चक्रीवर बसली. त्या उद्यानातल्या चक्रीवर बसलेले ते पहिले काळे मूल. पुढे ते उद्यान बंद झाले, पण ती चक्री १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मध्यवर्ती मैदानावर नेऊन बसवण्यात आली. आपल्याकडे चवदार तळे, तसा त्यांच्याकडे तो लाकडी घोडा.

मुले टक लावून ऐकत होती. एका मुलाने विचारले, "मग आता तिथे सगळे जातात?"

इथे मला थांबावे लागले. कारण खरे उत्तर सोपे नाही.

रंगाचे फाटक उघडले, पैशाचे?

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद बेकायदा ठरवला. आपल्याकडे तर त्याआधीच, २६ जानेवारी १९५० पासून, भारतीय संविधानाच्या कलम १५(२) ने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे इथे मज्जाव करता येणार नाही असे सांगितले. बंधूंनो, हे शब्द नीट पाहा. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबरच संविधानात करमणुकीच्या ठिकाणांचाही विचार केलेला आहे. पाणी जसे माणसाला लागते, तसा आनंदही लागतो, हे त्यात मानले आहे. १९५५ च्या कायद्याने असा मज्जाव गुन्हा ठरला.

पण त्या यादीत धर्म आहे, वंश आहे, जात आहे. त्यात उत्पन्न नाही. जात विचारणारा दरवान गेला आणि त्याच्या जागी तिकिटाची खिडकी आली. ही खिडकी जात विचारत नाही, फक्त पैसे मागते. पण पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हाताला जमीन, धंदा, पगार लागू दिला नाही, त्यांच्याकडे पैसे कमी असणारच. म्हणजे खिडकीने जात न विचारताही उत्तर बहुधा तेच येते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी याच विसंगतीचा इशारा दिला होता : राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल.

अमेरिकेचेच पाहा. जगात गाजलेले डिस्नेलॅंड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात सुरू झाले, तेव्हा मोठ्या माणसाला आत जायला १ डॉलर पडे आणि पाळण्यांची तिकिटे वेगळी असत. आज तिथे एका दिवसाचे तिकीट १०० डॉलरच्या वर आहे. २०१६ पासून गर्दीच्या दिवसाचा भाव जास्त आणि कमी गर्दीच्या दिवसाचा कमी, अशी रीत पडली. म्हणजे ज्याला रविवारीच सुट्टी मिळते त्या कामगाराने जास्त द्यायचे. १९९९ मध्ये रांगेत उभे न राहता पाळण्याची वेळ राखून ठेवण्याची सोय आली, ती सर्वांना फुकट होती. २०२१ पासून तिलाही पैसे पडू लागले. पैसेवाल्याचे मूल बाजूच्या वाटेने पुढे जाते आणि साधे तिकीट काढलेले मूल उन्हात उभे राहून ते पाहते. जादा पैशाचे असे तिकीट आपल्याकडच्या मोठ्या उद्यानांतही आले आहे.

मला रांगेचा फार आदर आहे. मतदान केंद्राची रांग आठवा. कारखानदार असो की सफाई कामगार, रांगेत आधी येईल तो आधी. एक माणूस, एक मत, एक मूल्य. रांग ही गरिबाची समता आहे. ती रांगच विकायला निघाली, तर मुलांना आपण कोणती समता शिकवणार?

करमणूक ही चैन आहे का?

आमच्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला होता. "आपल्या मुलांना पाळणे कशाला? तेवढ्या पैशात वह्या-पुस्तके येतील." त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. माझे वडीलही असेच म्हणत. पण आजींची नात वर्गाला यायची थांबली ती पुस्तक नव्हते म्हणून नव्हे. आपण इतरांपेक्षा कमी आहोत, असे तिला वाटले म्हणून. हा कमीपणा एकदा मनात बसला की पुस्तक समोर असूनही डोक्यात शिरत नाही. मुलांना खेळण्याचा, विरंगुळ्याचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम ३१ मध्ये म्हटले आहे आणि १९९२ साली भारतानेही ती मान्य केली आहे. म्हणजे हा भीक मागण्याचा विषय नाही, हक्काचा आहे.

आणि सरकारने, महापालिकेने मनात आणले तर काय होऊ शकते, हेही पाहा. अजिंठा असो की कान्हेरी, पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांवर १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. उलट माझी ती राणीची बाग घ्या. पेंग्विन आल्यावर ऑगस्ट २०१७ पासून मोठ्यांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले आणि मुलांचे २ रुपयांवरून २५ रुपये. आई-वडील आणि दोन मुले अशा कुटुंबाला १०० रुपये ठेवले, ही त्यातल्या त्यात सोय. पण आमच्या आजींसारख्या घरात आई-वडील आणि दोन मुले असा चौकोन नसतो. तिथे आजी असते, विधवा मावशी असते, तीन नातवंडे असतात. नोकरदारांच्या छोट्या कुटुंबाचे माप सर्वांना लावून कसे चालेल?

खाजगी उद्यान धंदा करणारच. त्याच्याशी आपले भांडण नाही. पण जनतेच्या पैशावर चालणाऱ्या बागा, संग्रहालये, विज्ञान केंद्रे, प्राणिसंग्रहालये ही मुलांना मोफत किंवा नाममात्र दरात खुली राहिली पाहिजेत, ही मागणी आपण का करत नाही? गटाराची, नळाची, रेशनची निवेदने आपण देतो. ती द्यायलाच हवीत. त्याच निवेदनात शेवटी एक ओळ मुलांच्या बागेचीही घालावी.

उरलेले २८० रुपये

संध्याकाळी परतीच्या बोटीत मुले गाणी म्हणत होती. आजींची नात माझ्या धाकटीच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती. बोरिवलीला उतरल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "पप्पा, मी त्या दिवशी वर्गात जास्तच सांगितलं का?" मी म्हणालो, "तुझं काही चुकलं नाही, बाळ. चुकलं माझं. मी नुसता हसत होतो."

घरी येऊन हिशेब लिहिला. पगारदार घरांकडून ९,६०० रुपये, इतरांकडून १,०००. एकूण जमा १०,६००. रेल्वे, बस, बोट, खाणे मिळून ४३ माणसांचा खर्च १०,३२०. डोई २४० रुपये. शिल्लक २८०. ही शिल्लक परत वाटायची नाही असे सर्वांनी ठरवले. विहारात "मुलांचा सहल निधी" म्हणून वेगळी वही उघडली आहे. पगारदार घरे दर महिन्याला १०० रुपये टाकतात. बाकीच्यांनी जमेल ते टाकावे, नाही टाकले तरी चालेल. मोठ्या उद्यानांत शाळांच्या सहलींना सवलतीचे दर मिळतात. तशी सवलत वर्गालाही मिळावी म्हणून आम्ही विनंतीचे पत्र लिहिणार आहोत. निधी पुरेल त्या वर्षी आमची सगळी मुले, एकही मागे न ठेवता, पाळण्यात बसतील. नाही पुरला तर सगळी मिळून कान्हेरीला जातील. पण जातील सगळी.

माझी इतर वस्त्यांतल्या बंधू-भगिनींना एवढीच विनंती आहे. आरक्षणाने, शिक्षणाने, बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्यातल्या काही घरांत पगार आला. ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्या मुलांना आनंद देण्यात गुन्हा नाही. पण फाटकातून आत जाताना एकदा मागे वळून पाहावे. आपल्याच वस्तीतले एखादे पोर "पोट दुखतंय" म्हणून घरी बसलेले नाही ना, याची चौकशी करावी. शाळेची सहल निघाली की आपल्या मुलाची वर्गणी भरताना सरांना विचारावे, "वर्गातले कोण येत नाही?" आणि जमले तर चारजणांनी मिळून त्या मुलाचीही भरावी. नाव न सांगता.

पुढच्या रविवारी आजींची नात वर्गाला आली. सतरंजीवर पुढच्याच रांगेत बसली. मी मुलांना निबंधाला विषय दिला : "आमची सहल". चौतीसच्या चौतीस मुलांकडे लिहायला काहीतरी होते.